गोन्फ्यो म्हणजे सुजलेला

दिंडोरीजवळच्या काकूंच्या मळ्यात मी राहायला गेले तेव्हा सगळ्यात आधी ओळखीचा झाला तो फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज. पहाटे तो बागेत शिरला की मांडणीवरची भांडी बारीक थरथरायची आणि काकू चुलीपुढून म्हणायच्या, "ऊठ गं नंदे, आप्पा निघाले." आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, काकू त्यांची बायको. मी नामपूरची. आठवी पास झाले आणि शाळा सुटली. पाठीवर दोन बहिणी होत्या, आई खळ्यावर कांदा निवडायला जायची, आणि मीही तिथंच जाऊन बसणार हे ठरल्यासारखं होतं. एका लग्नात काकूंनी मला पंगतीत वाढताना पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "हिला माझ्याकडं धाड. मीनाचं लगीन झाल्यापासून घर खायला उठतंय." मीनाताई त्यांची एकुलती लेक, नाशिकला दिलेली. तिची खाट, तिची शाल, तिचा शाळेतला इंग्रजी-मराठी शब्दकोश, सगळं मला मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटीच्या खाटेवर झोपले आणि बहिणींचे पाय अंगावर नाहीत म्हणून मला झोप येईना.

त्या घरात मी कायम जराशी घाबरलेली असायची. दुसरी भाकरी मागू की नको, पाणी तापवताना लाकूड जास्त तर गेलं नाही, असं काहीतरी डोक्यात चालू असायचं. काकूंनी मला कधी भाकरी मोजून दिली नाही, तरी. पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली तेव्हा त्या तीन आठवडे रोज उसाचा रस आणायला स्वतः फाट्यापर्यंत चालत गेल्या. माझं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पाजायच्या आणि म्हणायच्या, "गीळ. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून त्यांना कुणी वाईट बाई समजेल, आणि तसं समजणं सोपं आहे. मला ते कधी जमलं नाही.

माझ्या बोलण्यावर त्या हसायच्या. आमच्याकडे आहेला शे म्हणतात. आईचा फोन फाट्यावरच्या दुकानात यायचा, आई विचारायची, "कशी शे तू?" मी म्हणायची, "बरी शे, माय." परत येताना काकू सुरू व्हायच्या, "काय म्हनली शे-शे? बरी शे?" मग मी त्यांच्यासारखं हाय म्हणायला शिकले, मीनाताई माहेरी आली की तिच्यासारखं आहे म्हणायला शिकले. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी म्हणायची सवय मला तिथंच लागली, आणि आज वाटतं, चौथी तऱ्हा शिकणं म्हणूनच जड गेलं नसावं.

ती चौथी तऱ्हा घेऊन एत्तोरे साहेब आले. आप्पांनी नाल्यापलीकडचा तुकडा वाईनच्या द्राक्षाला दिला होता, एका कंपनीशी करार करून. कंपनीने इटलीहून एक म्हातारा जाणकार आणला, हंगामभर शेतकऱ्यांच्या बागा बघायला. त्यांना हॉटेल मानवेना, म्हणून ते आमच्या पुढच्या खोलीत राहिले. उंच, वाकलेले, हाताची बोटं आप्पांच्या बोटांसारखीच काळवंडलेली. काकू त्यांना हेक्टर साहेब म्हणायच्या. आमच्याकडे जमिनीमुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडात. एत्तोरे साहेबांना ते समजल्यावर ते खूप वेळ हसले आणि म्हणाले की बरोबरच आहे, त्यांच्या नावाचं इंग्रजी तेच होतं. त्यांची एक रीत होती. कुठल्याही उंबऱ्याशी आले की थांबायचे आणि म्हणायचे, "पेर्मेस्सो?" म्हणजे येऊ का आत. घर त्यांना राहायला दिलेलं, तरी स्वयंपाकघराच्या दाराशी रोज थांबणार. त्या दाराशी उभं राहून मला आत येऊ का विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

त्यांचं इंग्रजी तुटकं, कंपनीच्या साहेबांना इटालियन येत नाही, आप्पांना दोन्ही नाही. एत्तोरे साहेबांकडे एक छोटं पुस्तक होतं: एका बाजूला इटालियन शब्द, मध्ये इंग्रजी अर्थ, शेवटी तो शब्द कसा म्हणायचा ते इंग्रजी अक्षरांत. त्यांनी ते मला उघडून दाखवलं आणि मी मीनाताईचा शब्दकोश घेऊन बसले. बेल्लो या एवढ्याशा शब्दाचा उच्चार सांगायला त्या पुस्तकाला सात अक्षरं लागत होती, मध्ये आडवी रेघ, आणि दोन ठिकाणी एच. आपल्याला दोनच अक्षरं पुरतात. मी किराणा दुकानातून वही आणली आणि रकाने आखले. पहिल्यात इटालियन, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात आपलं. सगळं आपल्याच अक्षरांत. बेल्लो, ब्यूटिफुल, सुंदर. फोर्ते, स्ट्राँग, झणझणीत. काल्दो, हॉट, गरम. इथे मी खाली दोन रेघा मारल्या, कारण कोल्ड समजून मी त्यांना अंघोळीला गार पाणी दिलं होतं आणि ते बिचारे तसेच आंघोळून आले होते.

सांगायला सोपं वाटतं, पण त्या वहीत माझा जीव गुंतला. इंग्रजीत एल दोनदा लिहितात आणि म्हणताना एकदाच म्हणतात. एत्तोरे साहेबांचं म्हणणं, दोन्ही वाजले पाहिजेत, जीभ तिथे टेकून क्षणभर थांबली पाहिजे. मी गल्ली म्हणून दाखवलं, पक्का म्हणून दाखवलं, तर ते टेबलावर हात मारून म्हणाले, "ब्रावा." आभार मानताना कंपनीचे साहेब ग्राझी म्हणायचे, मी पुस्तकात पाहून ग्रात्सिए म्हणायची. एकदा त्या साहेबांनीच मला हळूच विचारलं, "ते कसं म्हणायचं गं?" आणखी एक गंमत होती. बुओनो म्हणजे चांगला, बुओना म्हणजे चांगली. इंग्रजीत दोघांनाही गुड. मधल्या रकान्यात एकदाच गुड लिहिताना मला काहीतरी सांडून गेल्यासारखं वाटायचं, आणि तिसऱ्या रकान्यात आलं की ते परत सापडायचं. पण दोल्चे बदलत नाही, वाईन असो की मुलगी, आणि आपलं गोडही बदलत नाही. हे मला सापडलं त्या दिवशी मी भाकरी करपवली.

काकूंनाही मजा वाटायची. त्या वाढत राहायच्या आणि साहेब ताटावर हात धरून "बास्ता, बास्ता" म्हणायचे. ते काकूंना भाषांतराशिवाय कळलं. "बास म्हनतोय ना? बास कसलं, भरीत घ्या अजून," म्हणून त्या वाढायच्याच. साहेब मान हलवून मला म्हणायचे, तिला सांग, फोर्ते. मी सांगायची, काकू, झणझणीत झालंय म्हणतात. "मंग सांग त्याला, माझा बेतानंच तिखट हात हाय, आमच्या सासूचा बघायला पायजे व्हता." हे मी इंग्रजीत सांगेपर्यंत आप्पा हसून लोळायचे. त्या जेवणांच्या वेळी मी कुणाची तरी होते. पाहुणी नव्हते, पोसायला ठेवलेली नव्हते. माझ्या तोंडातून जाऊन माणसं एकमेकांना भेटत होती.

थंडीच्या सुरुवातीला साहेबांनी कंपनीच्या साहेबांपाशी माझा विषय काढला. वाईनरीत पाहुण्यांना वाईन चाखवायची खोली निघणार होती, परदेशी लोक येणार होते. चव सांगणारे शब्द नीट म्हणणारं कुणीतरी हवं होतं. कंपनीच्या साहेबांनी माझ्यासमोर म्हटलं, "शिक्षण कमी आहे, पण एत्तोरे सांगतात तर आपण हिला घेऊ. हंगाम संपला की ये." मी काकूंच्या पाया पडले. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाल्या, "मीनाला नोकरी नाय मिळाली, तुला मिळाली बघ. माझ्याच घरातनं चालली म्हनायची." मी आईला फोन करून सांगितलं. आईने विचारलं, "शब्द बोलाले पैसा देतस?" मी म्हटलं, हो माय, देतस.

मग एत्तोरे साहेब आठ-दहा दिवस दुसऱ्या तालुक्यातल्या बागा बघायला गेले. इकडे आमच्या रस्त्यालगतच्या खायच्या द्राक्षाचं डिपिंग चालू होतं. मणी बारीक असतात तेव्हा एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवतात, त्याने मणी फुगतो, लांबतो, बाजारात उठून दिसतो. वाईनच्या द्राक्षाला ते अजिबात करायचं नसतं. त्याला मणी बारीकच हवा, साल जाड, रस घट्ट. कंपनीने ते कागदावर लिहून दिलं होतं आणि साहेबांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. पण काकूंनी जन्मभर घड मोठे केले होते. आप्पा नावाला, बाग त्यांचीच. नाल्यापलीकडे उभ्या राहून त्या घड हातात घेऊन म्हणाल्या, "ही काय द्राक्षं म्हनायची? मिरी बरी. रस्त्यानं जानारा काय म्हनंल, आप्पाच्या बायकोला बाग धरता येत नाय." मी म्हटलं, काकू, साहेब नको म्हणाले आहेत. त्या म्हणाल्या, "दोन वळी बुडवू. कोनाला कळतंय." लोभ होता का? वजनावर माल जायचा, तेव्हा थोडा असेलही. पण मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. उपाशी लेकरू दारात उभं असावं तसा त्या घडाकडे बघत होत्या. दोन ओळींच्या चार झाल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळा तुकडा झाला. बादली त्यांनी धरली, मग मी धरली. घड मीही बुडवले. चिकट पाणी कोपरापर्यंत आलं होतं.

पुढे मणी भरले तेव्हा एत्तोरे साहेब नाल्यापलीकडे गेले, मी आणि काकू मागे. त्यांनी एक घड उचलला, देठ अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "गोन्फी." हा शब्द वहीत होता. गोन्फ्यो, स्वोलन, सुजलेला. काविळीत माझे पाय सुजले होते, ते सांगताना मीच त्यांना विचारून लिहिला होता. पुष्कळ असले की गोन्फी. त्यांनी मला विचारलं, का? काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "सांग, मागं अवकाळी झाला, पानी लागलं." मी म्हटलं, "प्योज्जा." पाऊस. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वेरो?" म्हणजे खरं? मी म्हटलं, "वेरो." त्यांनी खिशातल्या चिठोऱ्यावर ते लिहून घेतलं. माझं ऐकून. या ठिकाणी विश्वासघात आधी मी केला, हे मला माहीत आहे. मी वर्षानुवर्षं ही गोष्ट मनात सांगताना हा भाग गाळून सांगत असे.

तोडणीच्या तोंडावर कंपनीचे साहेब साखर मोजायचं यंत्र घेऊन आले. साखर चढतच नव्हती. रस पाण्यासारखा. शेजारच्या बागेतला त्याच जातीचा मणी निम्मा आणि गोडी भरपूर. पाऊस काय फक्त तुमच्यावरच पडला का, असं ते हसत म्हणाले, पण हसण्यात हसू नव्हतं. औषधाची रिकामी पुडी गोठ्यापाशी पडलेली त्यांनीच उचलली. पडवीत आप्पा, काकू, एत्तोरे साहेब, ते आणि चहाचा ट्रे घेऊन मी. त्यांनी सरळ विचारलं, "काकू, डिपिंग केलं का इथे?"

काकूंनी पदर सारखा केला. "आम्ही कशाला लपवू, साहेब? गड्यांनी चुकून बुडवलं. मी तवाच हिला सांगितलं व्हतं, त्यांना सांग म्हनून. हिनं काय सांगितलं ते हिला ठावं. आठवी नापास पोर, तिला कुठलं येतंय इंग्रजी न् बिंग्रजी. आपन डोक्यावर चढवून ठेवलं."

आठवी मी पास होते. एवढं सगळं घडत असताना मला आधी तेच टोचलं, याचं मला आजही नवल वाटतं. आप्पा म्हणाले, "मोटर बघून येतो," आणि उठून गेले. काकूंनी आत जाऊन डब्यांमागून माझी वही आणली. "ही बघा. इंग्रजी मराठीत लिहिती. ह्याच्यावरनं बोलती ती." कंपनीच्या साहेबांनी दोन पानं चाळली, ओठ दाबून हसले, आणि काकूंचं बोलणं इंग्रजीत सांगत वही एत्तोरे साहेबांकडे दिली. एत्तोरे साहेबांना आपली अक्षरं वाचता येत नव्हती, पण ती वही त्यांनी पानोपान माझ्याकडून वाचून घेतली होती. कुठल्या पानावर काय आहे ते त्यांना डागांवरून कळायचं. त्यांनी हळदीच्या डागाचं पान काढलं, बोट ठेवलं आणि वही माझ्यापुढे धरली. गोन्फ्यो, स्वोलन, सुजलेला. मग विचारलं, "वेरो?" या बाई म्हणतात ते खरं? चूक तुझी?

नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. माझी नोकरीही राहिली असती. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. पायांत दिंडोरीच्या बाजारातून त्यांनीच घेऊन दिलेल्या चपला होत्या. त्यांना वाटलं असेल का, की मी बोलेन? त्यांना खात्री होती की मी बोलणार नाही. कावीळ, उसाचा रस, खाट, शाल, सगळं त्या खात्रीत होतं. मी म्हटलं, "वेरो." र नीट वाजला. साहेबांनी शिकवला होता तसा.

करार टिकला. भाषांतरात घोळ झाला असं कंपनीच्या कागदांत गेलं, माल थोडा बाजूला काढून बाकीचा घेतला. चाखायच्या खोलीवर नाशिकची एक पदवीधर मुलगी लागली. तिच्यावर मी राग धरायचं काही कारण नव्हतं. एत्तोरे साहेब दोन दिवसांनी निघाले. त्यांचे बूट स्वयंपाकघरात चुलीशेजारी वाळत ठेवले होते. मी दाराकडे कान लावून बसले होते. ते उंबऱ्याशी आले, थांबले, आणि काही न विचारता बाहेरूनच बुटांकडे हात केला. मी उठून दिले. ते ग्रात्सिए म्हणाले, कुणालाही म्हणावं तसं.

त्या दिवशी काकूंनी पुरणपोळ्या केल्या. सण नव्हता, काही नव्हतं. माझ्या ताटात पोळी वाढली, वर तुपाची धार धरली, ती थांबेचना. "खा. वाळून चाललीस." झाल्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही, तेव्हाही आणि नंतरही. आणि मी जेवले. पहिल्यांदाच न विचारता तिसरी पोळीही घेतली. पुढे त्यांनीच मीनाताईकरवी मला नाशिकला एका हॉटेलच्या भटारखान्यात लावून दिलं. लग्नात माझ्या आईच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. माझ्यावर त्यांचं काय काय आहे ते लिहायला बसले तर वेगळी वही लागेल.

भटारखान्यातून मी वर कशी आले तेही त्या वहीमुळेच. कॉलेज रोडच्या बाजूला इटालियन जेवणाची टूम निघाली, मेनूकार्डं छापली, आणि वाढणाऱ्या मुलांना नावं म्हणता येईनात. भांडी पुसता पुसता मी ब्रुस्केत्ता म्हणून दाखवलं आणि मॅनेजर वळून बघायला लागला. आता माझं वय झालं, गुडघे बोलतात, पण चार-पाच हॉटेलं नवीन मुलं माझ्याकडे पाठवतात. ती मोबाईल तोंडासमोर धरतात, यंत्र शब्द म्हणतं, ती म्हणतात, यंत्र छान म्हणतं. मी त्यांना तीन रकाने आखायला लावते. मुलं कुरकुरतात, पण आखतात. कुणी शब्द बरोबर म्हटला की मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, की बरोबर आहे.

मागच्या महिन्यात काकू आल्या. आता काठी आहे, ऐकू कमी येतं. सोबत मीनाताईची लेक सई, शिकायला इटलीला निघालेली. "हिला शिकव गं नंदे," काकू सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "मोबाईलवरनं शिकती, मला काय पटंना."

सई लाजून म्हणाली, "मावशी, आजी म्हणते तुम्हाला सगळं येतं."

"येतं म्हंजे?" काकूंनी काठी आपटली. "हिचं एक अक्षर चुकायचं नाय. हेक्टर साहेब वही तपासायचा, पानावर पान, एक चूक निघायची नाय त्याला. आठवी पास नुसती, पन अशी जीभ मी दुसऱ्या कोनाची नाय बघितली."

त्या अभिमानाने बोलत होत्या. आपण काय म्हणालो ते त्यांना कळलं नव्हतं, किंवा कळलं असेल आणि एवढंच देता येत असेल. मी ओट्याशी पाठमोरी होते, चहा उकळून वर येत होता. मी गॅस बारीक केला आणि विचारलं, "काकू, साखर किती?"

त्या कित्येक वर्षं बिनसाखरेचा घेतात. मला ठाऊक होतं. पण काहीतरी विचारायला हवं होतं, आणि दुसरं विचारायचं धाडस माझ्यात अजून आलेलं नाही.